जुना रशियन समोवार: वय कसं ओळखायचं, कल्हई करावी का, आणि त्यात पुन्हा पाणी उकळता येईल का?

पितळी_तोटी

नमस्कार मंडळी. कोळशावर चालणाऱ्या एका जुन्या पितळी समोवारबद्दल, म्हणजे मधल्या नळीत निखारे घालून पाणी उकळायच्या रशियन भांड्याबद्दल, विचारायचं आहे. मोजमापं आधी देतो, म्हणजे अंदाज बांधायला सोपं जाईल.

उंची वरच्या मुकुटापर्यंत (किटली ठेवायच्या कड्यापर्यंत) ४६ सेंमी, रिकामं वजन ५ किलो २०० ग्रॅम. काठाखाली दोन बोटं जागा सोडून ५ लिटर पाणी मावतं. अंग सरळ नळकांड्यासारखं, खाली चौकोनी बैठक आणि तिला चार पाय. मधोमध वरून खालपर्यंत जाड नळी आहे, तिच्या तळाशी जाळी. समोर, तोटीच्या वर, रशियन अक्षरांतला ठसा आणि भोवती सहा गोल पदकं. त्यांतल्या दोन पदकांवर १८८९ आणि १८९६ हे आकडे वाचता येतात. ठशातल्या बऱ्याच शब्दांच्या शेवटी इंग्रजी लहान 'बी'सारखं, पण डोक्याला डावीकडे शेंडी असलेलं अक्षर दिसतं.

आतून राखाडी मुलामा आहे, तो निम्म्याहून जास्त गेलाय आणि खालचं पिवळं दिसतंय. तळाशी आणि मधल्या नळीवर क्षाराचा थर. तोटी बंद केली तरी थेंब थेंब गळते. मुकुट आहे, पण नळीच्या तोंडावरची टोपी आणि वरचा धुराचा पाइप नाही.

प्रश्न असे: १) हा किती जुना? २) आतून कल्हई करून घ्यावी का? कल्हईवाले म्हणतात, भांडं आहे तसं द्या, एका दिवसात होईल. ३) तोटी बदलायची की दुरुस्त होते? ४) तो खरंच वापरता येईल का, आणि त्यात आपला नेहमीचा चहा करता येतो का?

---

जुनं_भांडं

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. शब्दाच्या शेवटी येणारं ते शेंडीवालं अक्षर १९१८च्या रशियन लेखनसुधारणेत शब्दान्तातून काढून टाकलं. म्हणजे ठसा त्याआधीचा. पदकांवरचे आकडे हे भांडं घडवल्याचं साल नव्हे, इथे फार जण फसतात. ती कारखान्याला प्रदर्शनांत मिळालेली पदकं असतात आणि पुढची कित्येक वर्षं प्रत्येक नगावर तीच ठोकली जातात. १८८९ म्हणजे पॅरिसचं जागतिक प्रदर्शन, १८९६ म्हणजे निझ्नी नोव्हगोरोदचं अखिल रशियन प्रदर्शन. सगळ्यांत अलीकडचं पदक ही खालची मर्यादा, अक्षर ही वरची मर्यादा. म्हणजे १८९६ ते १९१८. पहिल्या महायुद्धात समोवारांचं उत्पादन घटलं, त्यामुळे १९१४च्या आधीचा असण्याची शक्यता जास्त. वाचता न आलेल्या चार पदकांवर तिरपा उजेड टाकून फोटो काढा. १९००नंतरचं एखादं साल निघालं तर कालावधी आणखी आवळता येईल.

ठशात गावाचं नाव बहुधा 'तुला' असेल. मॉस्कोच्या दक्षिणेचं हे गाव मुळात बंदुकांचं. पीटर पहिल्याच्या आज्ञेने १७१२ साली तिथे शस्त्रांचा सरकारी कारखाना निघाला आणि धातूकामात मुरलेले हात पिढ्यान्पिढ्या तिथे तयार होत गेले. १७७८ साली लिसित्सिन बंधूंनी तिथे समोवार घडवायला सुरुवात केली. पुढे बाताशेव, शेमारिन, वोरोंत्सोव अशी घराणी नावाजली. 'तुलाला जाताना कुणी आपला समोवार नेत नाही' ही रशियन म्हण त्यातूनच आली. मात्र 'बाताशेव' वाचलं की लगेच खूश होऊ नका. त्या आडनावाचे अनेक कारखानदार होते, म्हणून आडनावाआधीची आद्याक्षरं तपासा. वासिली स्तेपानोविच बाताशेव यांच्या वारसांचा कारखाना सगळ्यांत मोठ्या नावाचा.

तुला हे समोवाराचं माहेर समजलं जातं, पण सुरुवात तिथली नाही. १७४०च्या येकातेरिनबुर्गमधल्या जकातीच्या नोंदीत उरल भागातल्या इर्गिन्स्की कारखान्याच्या जप्त मालात 'तांब्याचा, कल्हई केलेला' समोवार आहे. कल्हई तेव्हाही होती, हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी लक्षात ठेवा.

नळकांड्याचा आकार हा सर्वांत साधा आणि स्वस्त. पेल्यासारखे, चेंडूसारखे, फुलदाणीसारखे घडवायला जास्त कौशल्य लागे. समोवार तेव्हा वजनावर विकत, त्यामुळे जाड पत्र्याला थेट दाम मिळे. ५ लिटरला ५ किलोच्या वर वजन म्हणजे पत्रा चांगला आहे.

एक खात्री करून घ्या. मागच्या बाजूला, तोटीच्या बरोबर विरुद्ध, अंगावर उभी बारीक रेघ दिसते का? पत्रा वळवून तिथे जोड दिलेला असतो. ती रेघ आणि आतली खरी नळी दोन्ही असतील तर वस्तू कामाची. अलीकडच्या सजावटीच्या प्रतींमध्ये पत्रा पातळ असतो आणि मधली नळी नुसती दिखाऊ, जाळीशिवाय.

---

झाळकाम

वर दिलेली माहिती बरोबर आहे. मी दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नावर लिहितो, कारण तिथे चूक झाली तर शंभर वर्षांची वस्तू दहा मिनिटांत जाते.

समोवार असा आहे तसा कल्हईला देऊ नका. कारण त्याच्या बांधणीत आहे. बाहेरचं अंग, मधली नळी आणि बैठक हे वेगवेगळे तुकडे आहेत. अंगाचा मागचा उभा जोड पितळी झाळेचा (झाळ म्हणजे सांध्यात वितळवून भरलेला धातू), म्हणजे पक्का. पण मधली नळी खाली तळाशी जिथे बसते, तो सांधा कथलाने झाळलेला असतो. तोटीचा बुंधा आणि कान बसवण्याच्या जागाही बहुधा तशाच. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं आणि कथील-शिशाची झाळ १८३ अंशांपासून मऊ व्हायला लागते. कल्हई करताना भांडं इतकं तापवावं लागतं की कथील वितळून कापसाने पसरेल. म्हणजे आत कथील पसरत असतानाच नळीचा सांधा सुटणार. भांडं फिरवलं की नळी वाकडी होणार, आणि सुटलेली झाळ वाहत जाऊन नव्या कल्हईत मिसळणार. त्या झाळेत शिसं असतं. नवी कल्हई दिसायला चकचकीत, पण शिशाची.

पाणी नसताना आत निखारे टाकले तर नेमकं हेच होतं. म्हणून जुना नियम एकच: आधी पाणी, मग आग. पाणी आहे तोवर नळीचा धातू १०० अंशांच्या फार वर जात नाही आणि झाळ शाबूत राहते. तोटी तळापासून थोडी वर बसवलेली असते ती यासाठीच, शेवटी थोडं पाणी आत उरावं म्हणून.

आता क्रम सांगतो.

पहिलं काम, गळती तपासणं. थंड पाणी काठापर्यंत भरा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि १२ तास ठेवा. तोटीखाली वाटी ठेवा, म्हणजे तोटीचं पाणी वेगळं कळेल. नंतर बॅटरीचा उजेड टाकून मधल्या नळीत वरून पाहा. आतली भिंत कोरडी हवी. जाळीच्या खाली, बैठकीच्या पोकळीत ओल दिसली तर तळाचा सांधा गेलाय.

दुसरं, क्षार. ५ लिटर पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्त्व, पाणी ५० ते ६० अंश, अर्धा तास. उकळू नका आणि रात्रभर तर अजिबात ठेवू नका. आम्लात पितळेतलं जस्त आधी विरघळतं आणि पृष्ठभागावर गुलाबी, तांबूस डाग उरतात. ते नुसत्या चोळण्याने जात नाहीत. फेस यायचा थांबला की आम्ल ओतून टाका, दोन वेळा विसळा, मग चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने विसळा. थर जाड असेल तर हाच क्रम पुन्हा करा, पण तीव्रता वाढवू नका. चिंचेने बाहेरून घासायचं तरी दोन मिनिटांच्या वर ठेवू नका.

क्षार काढल्यावर गळतीची तपासणी पुन्हा करायची. पुष्कळदा क्षाराच्या थरानेच बारीक भोक बुजलेलं असतं. काल कोरडा असलेला समोवार आज ठिबकतो. दोष आम्लाचा नसतो, तो आधीपासून तिथेच असतो.

तिसरं, कल्हई. तुमचा मुलामा निम्म्याहून जास्त गेलाय, म्हणून नियमित वापरायचा असेल तर करावी लागेल, पण सुटी करून. तळाचा सांधा हळूहळू तापवून मधली नळी काढायची, तोटी काढायची, जुनी झाळ पुसून आणि खरवडून टाकायची. मग अंगाला आतून आणि नळीला बाहेरून, म्हणजे जिथे पाणी लागतं त्या दोन्ही बाजूंना, वेगवेगळी कल्हई. नवसागर आणि शुद्ध कथील, बस्स. कथलाची कांडी वाकवून पाहा. शुद्ध कथील वाकताना करकरतं, शिसं मिसळलेलं गप्प वाकतं. ही खूण आहे, प्रमाणपत्र नव्हे. पैसे देण्याआधी कथील आपणच आणून द्यावं हे उत्तम.

परत जोडताना बिनशिशाची झाळ वापरायची: कथील-तांबं, जी साधारण २२७ अंशांना वितळते, किंवा कथील-चांदी, साधारण २२१ अंशांना. ती बेताच्या उष्णतेत आणि कमी वेळात लावावी लागते, नाहीतर शेजारची ताजी कल्हई ओघळते. म्हणून हे काम तांबट कारागिराचं. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी आहे, तिथले हात तांब्या-पितळेच्या सांध्यांत मुरलेले आहेत. पण समोवार देताना कागदावर उभा छेद काढून द्या: नळी कुठे बसते, पाणी कुठे असतं, आग कुठे. तोंडी सांगून भागत नाही.

---

कहवा

एक शंका. काश्मिरात समोवारला वर्षानुवर्षं कल्हई होते, आणि अख्ख्याला होते. मग रशियन समोवारलाच सांधा सुटण्याची भीती का?

---

झाळकाम

शंका रास्त आहे. फरक सांध्याच्या झाळेचा आहे. सांध्याचा रंग पाहा. झाळ पिवळी असेल तर ती पितळी, ८०० अंशांच्या वर वितळणारी. तिला कल्हईची उष्णता काहीच करत नाही. झाळ राखाडी आणि नखाने किंवा टाचणीने ओरखडा उठेल इतकी मऊ असेल, तर ती कथलाची. राखाडी दिसली की सुटी केल्याशिवाय तापवायचं नाही. भांडं काश्मीरचं असो की तुलाचं, कसोटी हीच.

---

कहवा

समजलं. मग काश्मिरी आणि रशियन यांतला दुसरा फरकही नोंदवतो, कारण बाजारात दोन्ही 'समोवार' म्हणूनच मिळतात. काश्मिरी समोवार तांब्याचा, बाहेरून नक्षीकाम केलेला, आणि त्याला तोटी नसते. सुरईसारखा लांब नाळ आणि मागे मूठ असते. मधल्या नळीत निखारे, भोवती पेय. तो उचलून कपात ओततात. आत नुसतं पाणी नसतं, चहाच असतो. कहवा करताना हिरवी पानं, वेलची, दालचिनी, केशर त्यातच पडतं आणि बदामाचे काप कपात. नून चाय म्हणजे मिठाचा, सोडा घातलेला, दुधाने गुलाबी झालेला चहा, तोही यातून वाढतात.

चहा रुळण्याआधी रशियात मध आणि मसाल्यांचं गरम पेय विकत, त्याला स्बितेन म्हणत. त्याचं भांडंही असंच होतं: किटलीसारखा नाळ, आणि पोटात निखाऱ्यांची नळी. काश्मिरी समोवार पाहिला की मला त्या भांड्याची आठवण होते. रशियात पुढे नाळ जाऊन तोटी आली, आणि मग भांडं उचलायची गरजच उरली नाही.

---

काजळरेघ

तोटीबद्दल. बदलू नका. ती त्याच कारखान्याची, त्याच भांड्यासाठी घासून बसवलेली असते. नवी आणली तर बुंधा जुळत नाही आणि वस्तूची किंमतही जाते.

तोटीत दोन भाग: बुंध्यातलं निमुळतं भोक आणि त्यात बसणारी तशीच निमुळती खुंटी, जिच्या डोक्यावर नक्षीदार मूठ असते. रबर, वायसर काही नाही. धातूवर धातू नेमका टेकतो म्हणून पाणी थांबतं. खुंटी नुसती सरळ वर उचलली की निघते. काही नगांत खाली चकती किंवा नट असतो, तो आधी काढायचा. पक्कडीने पिळू नका. अडकली असेल तर तोटीवर गरम पाणी ओता आणि खालून लाकडी काडीने हलकेच टोका.

गळण्याची कारणं तीन. एक, क्षार किंवा हिरवा गंज. हे सर्वांत जास्त दिसतं, आणि लिंबूसत्त्वात दहा मिनिटं बुडवून मऊ ब्रशने घासलं की बरेचदा काम होतं. दोन, आडवे ओरखडे. तीन, खुंटी झिजून जास्त खाली गेलेली, त्यामुळे खुंटीतलं भोक आणि तोटीचं भोक एका पातळीत येत नाही.

ओरखड्यांसाठी घासणी करायची. आधी तपासणी: काजळात गोडेतेलाचा थेंब मिसळून खुंटीला अगदी पातळ लावा, भोकात बसवा, पाव फेरा फिरवा आणि काढा. जिथे काजळ पुसलं गेलं तिथे धातू टेकतोय. जिथे तसंच राहिलं तिथून पाणी जातंय. पूर्ण गोलाई पुसली गेली पाहिजे, निदान भोकाच्या वर आणि खाली सलग पट्टा तरी.

घासायला गॅरेजमधली जाडी व्हॉल्व्ह पेस्ट वापरू नका. तिचे कठीण कण मऊ पितळेत रुतून बसतात आणि मग तोटी दर वेळी स्वतःलाच खात राहते. प्युमिसची अगदी बारीक पूड तेलात कालवा, किंवा धातू चमकवायची साधी मलम वापरा. खुंटीला लावून पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, दहा वेळा. मग उचला, थोडी फिरवून पुन्हा बसवा आणि परत दहा. सतत एकाच दिशेने गरागरा फिरवलं तर गोल खाचा पडतात, हे कटाक्षाने टाळा. दर दोन खेपांनी पुसून काजळाची तपासणी. पट्टा पूर्ण झाला की लगेच थांबा. जास्त घासलं की तिसरं कारण आपणच तयार करतो.

शेवटी रॉकेलने, मग साबणाच्या गरम पाण्याने, ब्रश भोकातून फिरवून धुवा. वंगण म्हणून खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉन ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढं. तूप किंवा तेल लावू नका. ते खवट होतं आणि पितळेवर हिरवं धरतं.

खुंटी फार खाली गेली असेल तर घासणीने भागत नाही. तांबटाकडून खुंटीवर पितळ भरून पुन्हा लेथवर घ्यावी लागते.

---

पितळी_तोटी

फार उपयोगी. काजळाने पाहिलं, खालच्या बाजूला एक तृतीयांश गोलाई टेकत नव्हती. घासणीनंतर गळती थांबली. सांध्याची झाळ राखाडी आहे, ओरखडा उठतो. म्हणजे कल्हई सुटी करूनच.

दोन गोष्टी राहिल्या. कल्हई होईपर्यंत, महिन्यातून एखाद्या वेळी, नुसतं पाणी उकळलं तर चालेल का? आणि आग नेमकी कशी पेटवायची?

---

झाळकाम

पाण्याबद्दल स्पष्ट सांगतो. उघड्या पितळेत नुसतं पाणी थोडा वेळ राहिलं तर तांबं-जस्त फार उतरत नाही. खरी काळजी शिशाची: जुन्या झाळेतलं आणि ओतीव तोटीतलं. ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही. म्हणून पिण्याआधी एकदा पाणी तपासून घ्या. समोवारमध्ये पाणी रात्रभर ठेवायचं आणि सकाळी तोटीतून येणारं पहिलं पाव लिटर प्रयोगशाळेत द्यायचं. हे सर्वांत वाईट पाणी असतं, म्हणून तेच तपासायचं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. त्याच्या वर आलं तर कल्हई आणि नवी झाळ होईपर्यंत समोवार शोभेला. मर्यादेच्या आत आलं तरी पाणी आत साठवायचं नाही. भरा, उकळा, वापरा, रिकामा करून उलटा वाळवा. लहान मुलांना आणि गरोदर बाईला जुन्या झाळेच्या भांड्यातलं पाणी देऊच नये, निकाल काहीही असो.

आग अशी. जागा मोकळी हवी: अंगण किंवा गच्ची. जळत्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वासाला येत नाही, आणि निखारे लाल झाले, धूर थांबला, तरी तो निघतच असतो. 'धूर गेला, आता आत नेऊ' हा समज घातक आहे. समोवारखाली शहाबादी फरशी ठेवा, कारण जाळीतून राख आणि कधी ठिणगी खाली पडते. बैठकीतली हवेची भोकं मोकळी आहेत ना ते पाहा.

पाणी भरा, काठाखाली दोन ते तीन सेंमी सोडून. काठापर्यंत भरलं तर उकळताना उसळून नळीत पडतं आणि आग विझते. झाकणातली वाफेची भोकं उघडी ठेवा. मग पातळ ढलप्या पेटवून नळीत सोडा, त्यावर आणखी ढलप्या, त्या धडधडल्या की बोटभर लांबीचे कोळशाचे तुकडे. रशियात पाइनची सुकी बोंडंही घालतात. पेट्रोल, रॉकेल किंवा प्लास्टिक कधीही नाही.

कोळसा किती? ५ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला न्यायला साधारण १६०० किलोज्यूल लागतात. कोळशाच्या एका किलोत सुमारे २९,००० किलोज्यूल. पण निम्म्याहून जास्त उष्णता धुराबरोबर जाते, म्हणून १५० ते २०० ग्रॅम धरा. नळी गच्च भरू नका, हवा जायला वाट हवी. साधारण अर्ध्या तासात उकळतं. आवाजावर लक्ष ठेवा. आधी बारीक शीळ, मग घों घों, मग खदखद. शिळेच्या वेळी बुडबुडे वर येताना थंड पाण्यात फुटत असतात. चहासाठी पाणी घ्यायचं ते दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी.

धुराचा पाइप तुमच्याकडे नाही. तो करून घ्या, त्याच्याशिवाय ओढ येत नाही आणि धूर तोंडावर येतो. नळीचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा, त्यावर सैलसर बसेल असा ६० ते ७० सेंमी उंच पाइप. साधा काळा पत्रा किंवा स्टेनलेस चालेल, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा चालणार नाही, तापल्यावर जस्ताची विषारी वाफ निघते. टोपीही त्याच मापाने करून घ्या. आग थांबवायची ती टोपी ठेवून, नळीत पाणी ओतून नाही. गरम नळीवर गार पाणी पडलं की सांधा तडकतो. आणि टोपी ठेवल्यावर आतले निखारे लगेच विझत नाहीत, हे लक्षात ठेवून पाणी पूर्ण संपवू नका.

---

चहापत्ती

चहाचं मी सांगतो. यात आपला नेहमीचा चहा करायचा नाही. दूध, साखर, आलं, पत्ती यांतलं काहीही पाण्याच्या जागेत घालू नका. नळी आणि अंग यांच्यामध्ये अरुंद कडं आहे, तिथे हात जात नाही. दूध नळीवर करपतं आणि काढता येत नाही. समोवार हे पाणी तापवायचं भांडं आहे, चहा वर ठेवलेल्या छोट्या किटलीत होतो. तो मुकुट शोभेसाठी नाही, किटली ठेवण्यासाठीच आहे.

किटलीत २० ग्रॅम पत्ती आणि अर्धा लिटर उकळतं पाणी. आसाम किंवा दार्जिलिंगची अख्ख्या पानाची घ्या. सीटीसीचे, म्हणजे यंत्रात चुरून केलेल्या नेहमीच्या पत्तीचे, दाणे इतक्या वेळात तुरट, कडू होतात. पाइप काढून, आग निव्वळ निखाऱ्यांवर आल्यावरच किटली मुकुटावर ठेवा, ज्वाळा असताना ठेवली तर अर्क उकळतो आणि वास उडून जातो. सात ते आठ मिनिटं. मग कपात एक भाग अर्क आणि तीन भाग तोटीचं गरम पाणी. ज्याला कडक हवा त्याने अर्क वाढवावा. एका किटलीत दहा माणसांचं भागतं, आणि प्रत्येकाला हवा तसा चहा मिळतो. समोवारची खरी सोय ती आहे.

ही पद्धत रशियात का रुजली? चहा महाग होता. १६३८ साली मंगोल खानाने झार मिखाइलला चहा भेट पाठवला, तेव्हा दरबारी ओळख झाली. १७२७च्या कराराने क्याख्ता ही चीनच्या सीमेवरची व्यापारपेठ उघडली आणि तिथून उंटांचे तांडे महिनोन् महिने चालून चहा आणत. एवढ्या लांबून आलेली पत्ती पुरवून वापरायची तर दाट अर्क आणि भरपूर गरम पाणी हेच शहाणपणाचं. १८६९ला सुएझ कालवा झाला आणि नंतर सैबेरियातून रेल्वे गेली, तसा चहा स्वस्त होत गेला. तुमचा समोवार त्याच काळातला, म्हणजे चहा सामान्य घरांत पोचला तेव्हाचा.

रशियातूनच समोवार इराणात गेला. तिथल्या चहाच्या दुकानांना आजही 'कहवाखाना' म्हणतात, नाव कॉफीचं आणि पेय चहाचं. बोरुजेर्द गावात जर्मन सिल्वरचे (तांबं, निकेल आणि जस्त यांच्या चंदेरी मिश्रधातूचे) समोवार घडतात, त्या धातूचं फारसी नाव 'वर्शो', ते वॉर्सा शहरावरून पडलं. यज़्द आणि केरमानकडून मुंबई-पुण्यात आलेल्या इराण्यांनी हॉटेलं काढली आणि आपल्याकडचा इराणी चहा रुजवला. त्यातही अर्क वेगळा आणि दूध वेगळं हीच पद्धत मूळची. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीतलं १९६४ ते २०१५ चाललेलं कॅफेही समोवार याच नावाचं होतं.

---

रजतपत्र

याच विषयाला जोडून विचारतो. माझ्या पाहण्यात चांदीच्या मुलाम्याचं, फुलदाणीच्या आकाराचं, खाली तोटी असलेलं इंग्रजी भांडं आहे. चिमणी नाही, पण मधोमध तळ बंद असलेली नळी आहे. तिच्यात काय घालायचं?

---

जुनं_भांडं

ते इंग्रजी टी अर्न. १७६०च्या दशकापासून इंग्लंडात ते लोकप्रिय झाले. त्या बंद नळीत कोळसा नाही, लोखंडाचा ठोकळा घालत. चुलीत लालबुंद करायचा, चिमट्याने नळीत सोडायचा, वर झाकण. ठोकळा बहुतेक वेळा हरवलेला असतो, म्हणून नळी कसली ते कळत नाही.

पण त्याने पाणी उकळतं अशी समजूत करून घेऊ नका. एक किलो लोखंड ८०० अंशांवरून १०० अंशांपर्यंत उतरताना साधारण ४०० किलोज्यूल देतं, म्हणजे ५ लिटर पाणी जेमतेम २० अंशांनी तापेल. त्यामुळे उकळतं पाणी स्वयंपाकघरातून भरून आणत, आणि ठोकळा ते दिवाणखान्यात गरम ठेवण्यापुरता.

मुलामा कोणता ते आधी ठरवा. १७४०च्या दशकात शेफील्डला थॉमस बोल्सोव्हरने तांब्याच्या जाड पत्र्यावर चांदीचा पत्रा तापवून जोडायची रीत काढली. मग तो जोडपत्राच लाटून भांडी घडवत. अशा भांड्याच्या कडेला नीट पाहिलं तर तांब्याची रेघ लपवायला चांदीची किनार दुमडलेली असते. १८४०च्या एल्किंग्टन पेटंटनंतर विजेने मुलामा चढवायला लागले, त्यात सगळीकडे एकसारखा थर, किनार नाही. जोडपत्र्याचं असेल तर उंचवट्यांवर गुलाबी तांबं डोकावेल. तिथे पुन्हा मुलामा चढवू नका, त्याने मूळ काम कायमचं झाकलं जातं. चांदीची पॉलिश पावडरही वारंवार नको, प्रत्येक वेळी चांदी थोडी जातेच. कोमट साबणपाणी, मऊ सुती फडकं, आणि वाळवून बंद कपाटात.

पितळी_तोटी, तुमच्या समोवारच्या बाहेरून निकेलचा मुलामा असेल, म्हणजे पिवळ्याऐवजी चंदेरी झाक, तर त्यालाही हेच लागू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निकेलचा मुलामा दिलेले समोवार बरेच निघाले. तो घासून 'खरं पितळ' उघडं करायची हौस पुष्कळांना असते. ती करू नका.

---

पितळी_तोटी

निकेल नाही, पिवळंच आहे. उरलेल्या चार पदकांपैकी एकावर १९०४ वाचता आलं.

---

जुनं_भांडं

मग १९०४ ते १९१८. आता ठशाचा चांगल्या उजेडातला फोटो, मुकुट, झाकण आणि बैठक यांची मापं, आणि तोटीच्या भोवतीच्या पट्टीवरची अक्षरं एका वहीत टिपून समोवारबरोबर ठेवा. सुटी करण्याआधी हे नक्की करा. कारागिराकडे तुकडे मिसळले तर परत जुळवायला एवढाच आधार असतो.